भजन पुन्हा जन्मतं, आवाज जन्मत नाही

वडशाच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. आधी तिथे कॅसेट विकल्या जायच्या, मग सीडी आल्या, मग मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा चालला. आता तोही बसला, कारण गाणी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आहेत. जे मोबाईलवर शोधून सापडत नाही, ते घेऊन लोक माझ्याकडे येतात. वैनगंगेपलीकडून ब्रह्मपुरीचे येतात, आरमोरी-कुरखेड्याचे येतात, भंडाऱ्यातल्या लाखांदूरचे आणि गोंदियातल्या अर्जुनी मोरगावचेही येतात. पिशवीतून कॅसेट काढतात आणि म्हणतात, "हे मोबाईलमधी टाकून द्या जी."

त्या कॅसेटमध्ये गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी भजनं असतात. विहारासमोर रात्रभर रंगलेला भीमगीतांचा कार्यक्रम असतो. दंडारीची गाणी असतात, झाडीपट्टीच्या नाटकातली पदं असतात. आमच्या भागात धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं चालतात. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशातच आहेत. कलावंत आज या गावात रात्र जागवतात आणि उद्या दुसऱ्या गावात. २०२३ साली आमच्या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं. पण एखाद्या रात्री एखाद्या गायकाने लावलेला सूर कुणी जपून ठेवला असेल, तर तो टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलेल्या एखाद्या हौशी माणसानेच. आणि कधीकधी कॅसेटमध्ये गाणं नसतंच; घरातल्या कुणाचं नुसतं बोलणं असतं.

काम तसं साधं आहे. डेकचं हेड स्पिरिटने पुसायचं, ढिली पट्टी हाताने गुंडाळून ताणात आणायची, बुरशी धरली असेल तर ती हलक्या हाताने काढायची, वायर संगणकाला जोडायची आणि कॅसेट पूर्ण वाजू द्यायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं लागतात, त्यात घाई चालत नाही. संगणक दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्या आवाजाचं माप घेतो आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहून ठेवतो. अशी वेव्ह फाईल स्टिरिओत साधारण ९५० एमबी होते. ती मोबाईलवर पाठवायला जड जाते, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, लहान करा. १२८ केबीपीएसची एमपी३ केली की तीच फाईल ८६ एमबीवर येते. अकरा भागांतला एक भाग उरतो.

उरलेले दहा भाग कुठे गेले, हा प्रश्न वरवर तांत्रिक आहे. मला तो धर्माचा वाटतो, आणि तो तसा का वाटतो हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

आधी तांत्रिक उत्तर बघू. दहातला काही भाग नुसता नीट घडी घालून वाचतो. त्यात हरवत काहीच नाही. फ्लॅक नावाचा फॉरमॅट तेवढंच करतो. फाईल अंदाजे अर्ध्यावर आणतो, आणि उघडली की मूळ मापं एकही आकडा न बदलता परत मिळतात. एमपी३ त्याच्या पुढे जातं आणि टाकून देतं. काय टाकायचं हे ते माणसाच्या कानाच्या स्वभावावरून ठरवतं. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या पट्टीतला हलका आवाज आपल्याला ऐकू येत नाही. झांज वाजल्याच्या क्षणाच्या अगदी मागेपुढे असलेली कुजबुजही येत नाही. जे ऐकू येतच नाही ते साठवायचं कशाला, असा हा विचार आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी यावर कित्येक वर्षं काम केलं आणि १९९५ साली या फाईलला एमपी३ हे नाव मिळालं. त्यांच्यातले कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग यांनी आपली पद्धत पारखायला सुझान व्हेगा या गायिकेचं एक गाणं घेतलं होतं. त्यात एकही वाद्य नाही, फक्त एका बाईचा आवाज आहे. वाद्यांच्या गर्दीत पुष्कळ काही लपवता येतं, पण एकट्या माणसाचा आवाज जरा बिघडला तरी कान लगेच ओळखतो.

हे तंत्र हुशार आहे आणि मी त्याला नावं ठेवत नाही. गरीब माणसाच्या स्वस्त मोबाईलमध्ये शेकडो भजनं मावली ती त्याच्यामुळेच. पण त्यात एक निर्णय दडलेला आहे. कुठल्यातरी सर्वसाधारण कानाला जे ऐकू येणार नाही, ते कुणालाच नको आहे, असा तो निर्णय. हा निर्णय आपण कुणासाठी घेतो?

कुरखेड्याकडचा एक शेतकरी वडिलांच्या भजनाची कॅसेट घेऊन आला होता. वडील मंडळात खंजिरी वाजवायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, पण त्यांनी गावोगाव लावून दिलेली सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरचं भजन आमच्याकडे अजून चालू आहे, आणि हे वडील त्याच परंपरेतले. कॅसेट घरच्या ओसरीतच भरलेली होती. मी त्याला हेडफोन दिला आणि वेव्ह फाईल लावली. तो बराच वेळ मान डोलावत ऐकत होता. एका जागी त्याने हात वर करून मला थांबवलं आणि तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, "भाऊ, थे मांगं बोलते नं, थे माही माय होय."

मीही ऐकलं. पेटी आणि खंजिरीच्या खाली, फार दूर, एक बाई म्हणत होती, "कोठ्यातलं वासरू सुटलं रे!" एवढंच. पुढच्या कडव्यात तो आवाज बुडून गेला. आई कधीच वारलेली होती आणि तिचा आवाज दुसरा कुठेही नव्हता. भजन भरून घेणाऱ्याला तो कॅसेटमध्ये आला आहे हे ठाऊकही नसणार.

मग मी त्याला मोबाईलसाठीची लहान फाईल ऐकवली, अगदी कमी बिटरेटची, लोक मागतात तशी. भजन ठीक होतं. वडिलांचा आवाज ओळखू येत होता. खंजिरीच्या चकत्यांची छणछण जरा पाण्याखालून आल्यासारखी झाली होती, पण ते चालून गेलं असतं. आईच्या जागी मात्र नुसतं काहीतरी हललं. शब्द उरला नव्हता. पेटीच्या सुराखाली दबलेला हलका आवाज नेमका टाकून देण्याच्या यादीत बसला होता. तंत्राने आपलं काम चोख केलं होतं. सर्वसाधारण कानाला तिथे काहीच ऐकायचं नव्हतं. ज्या एका कानाला होतं, तो माझ्यासमोर बसला होता.

धानाचं पॉलिश होतं तसं हे आहे. गिरणीतून पांढरा तांदूळ निघतो, तो शिजतो, पोट भरतो, पण जमिनीत टाकला तर उगवत नाही. उगवायला टरफलासकट धान लागतं. पुढे कुणाला त्या आवाजातून काय उगवून घ्यायचं असेल, हे आज आपल्याला सांगता येत नाही.

आवाज टिकतो की नाही, हा आपल्याकडचा फार जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात शब्द नित्य आहे. आपण उच्चारतो तेव्हा तो जन्मत नाही, फक्त प्रकट होतो. विरला तरी तो असतोच. नैयायिक उलट म्हणतात. आवाज केला जातो, म्हणून तो जातो, मडक्यासारखा. जे केलं जातं ते नाशवंत, हे शिकवताना आपल्या तर्कशास्त्राने पिढ्यान्पिढ्या शब्दाचंच उदाहरण दिलं, आणि बौद्ध तार्किकांनीही तेच उचललं. माझ्या दुकानात बसून मला वाटतं की दोघेही खरं बोलत होते, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. भजनाबद्दल मीमांसकांचं खरं आहे. तेच पद आज इथे गायलं जातं, उद्या आरमोरीत, आणि कुणीही गायलं तरी ते तेच पद असतं. पण एका संध्याकाळी एका ओसरीत उमटलेला एका बाईचा हाकारा नैयायिकांच्या बाजूचा आहे. तो झाला आणि गेला. त्याचं काही उरलं असेल तर ते पट्टीवरच्या लोहकणांत.

हा फरक मला नीट कळला तो एका निवृत्त शिक्षकांमुळे. ते विहारात धम्मवर्ग घेतात. त्यांनी आपल्या आजीच्या बोलण्याची कॅसेट आणली होती. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी. त्या गर्दीत ही आजी होती. म्हातारपणी तिने तो दिवस नातवाला झाडीबोलीत सांगितला होता आणि नातवाने तो भरून ठेवला होता. फाईल तयार होत असताना मी त्यांना सरळ विचारलं, "सर, तुमच्या धम्मात सगळं अनित्य आहे म्हणतात. मग हे कशाला जपायचं?"

त्यांनी मला मिलिंदपञ्हातला संवाद सांगितला. ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना विचारतो, इथून तिथे काहीच जात नाही तर पुनर्जन्म कसा होतो? नागसेन म्हणतात, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातलं काही उठून दुसऱ्यात गेलं का? राजा म्हणतो, नाही. मग नागसेन दुसरं उदाहरण देतात. महाराज, लहानपणी तुम्ही गुरूकडून एखादा श्लोक शिकला असाल. तो श्लोक गुरूला सोडून तुमच्याकडे आला का? नाही. तसंच हे.

हे ऐकल्यापासून दिव्यापेक्षा श्लोकच माझ्या मनात राहिला आहे. गुरूकडचं काही कमी झालं नाही आणि शिष्याकडे सगळं आलं. भजन असंच जातं. बापाकडून मुलाकडे, मंडळातल्या जुन्याकडून नव्याकडे. मुलाचा गळा वेगळा असतो, ताल थोडा सरकतो, एखादा शब्द बदलतो, तरी भजन उणं होत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जुनं वस्त्र टाकून नवं घेण्याची उपमा आहे. आत्म्याचं मला कळत नाही, पण पदांच्या बाबतीत ती मी रोज खरी होताना बघतो. नव्या गळ्यात शिरताना पद जुन्या गळ्यासाठी रडत नाही.

आवाजाला ही सोय नाही. त्या आजीचं बोलणं दुसऱ्या कुणी बोललं तर ती माहिती होईल, ते बोलणं होणार नाही. चंद्रपूरची गर्दी सांगताना तिचा श्वास जिथे अडतो, ती जागा कुणाला शिकवता येत नाही. म्हणून मी म्हणतो, भजन पुन्हा जन्मतं, आवाज जन्मत नाही. या दोन्हींना एकाच मापाने मोजणं हीच आपली गफलत आहे. भजनाची फाईल लहान झाली तर फारसं बिघडत नाही, कारण भजनाचं घर फाईलमध्ये नाहीच. माणसाच्या आवाजाची फाईल मात्र त्याचं शेवटचं घर असते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. कॅसेट तरी कुठे पूर्ण होती? स्वस्त माइकने किती सोडलं, पट्टीने किती सोडलं, आमच्या पावसाळ्याच्या ओलीने किती खाल्लं. पातळ पट्टीवर तर एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उतरतं आणि पुढची ओळ सुरू होण्याआधीच तिचा पुसट आवाज येतो. इतकं सगळं आधीच बिघडलेलं असताना थोडं आणखी गेलं तर काय झालं?

शिक्षकांनीच याचंही उत्तर मला दिलं, त्यांच्या नकळत. बुद्धाच्या शिकवणीत कर्म म्हणजे हेतू. घडलेलं आणि हेतूने केलेलं यांत तिथे फरक आहे. बुरशीने खाल्लेला आवाज म्हणजे म्हातारपण. त्याला कुणी जबाबदार नाही, आणि त्याचं दुःख सोसावंच लागतं. पण मी समोरच्या चौकटीत ६४ किंवा १२८ हा आकडा निवडतो तेव्हा काळ काही करत नसतो, मी करत असतो. काळाने नेलेलं आणि मी टाकलेलं यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. आणि हे टाकणं मागे फिरवता येत नाही. एमपी३ पुन्हा फ्लॅकमध्ये बदलली तर फाईल फुगते, गेलेलं परत येत नाही. एका टाकणाऱ्या फॉरमॅटमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात नेलं की दर खेपेला थोडं आणखी जातं. घरघर काढून आवाज "साफ" करून द्या म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. घरघरीबरोबर श्वासही जातो. साफ केलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ तशीच राहू द्या.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं होतं. वेदपाठकांनी तेच शब्द पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट क्रमांत घोकले. कुठे एक अक्षर हललं तर दुसऱ्या पाठात ते उघडं पडायचं. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात भिक्खू जमले, उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी सुत्तं सांगितली, आणि सगळ्यांनी ती एकत्र म्हणून पक्की केली. पुढे सिंहलद्वीपात ताडपत्रांवर उतरेपर्यंत ती भाणकांच्या, म्हणजे पाठ म्हणणाऱ्या भिक्खूंच्या, कंठातच होती. एका माणसाची चूक दहा जणांच्या कानांतून सुटत नाही. फ्लॅक फाईलमध्ये मूळ मापांवरून काढलेली एक खूण साठवलेली असते. कधीही उघडून ती ताडून बघता येते की वाटेत काही बदललं का. मला ही त्याच जुन्या काळजीची नवी रीत वाटते. एक फरक मात्र आहे. पाठकांनी शब्द जपला, पाठकाचा आवाज जपण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती. आनंदांचा आवाज कसा होता हे कुणालाच माहीत नाही. आपल्या आजीचा कसा होता, हे आपल्या पणतूला माहीत असू शकतं. ही शक्यता माणसाच्या हाती अगदी अलीकडे आली आहे आणि तिच्याबरोबर एक नवं कर्तव्यही आलं आहे. ते कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही, म्हणून ते कमी होत नाही.

आणखी एक शंका उरते, आणि ती खरी अवघड आहे. हे जपणं म्हणजे आसक्ती नाही का? गेलेल्याला जाऊ द्यावं, असं सगळेच धर्म सांगतात. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. कुरखेड्याकडचा तो माणूस आईचा तो एक तुकडा दिवसरात्र कानाला लावून बसला असता, तर ती आसक्तीच झाली असती. त्याने तसं केलं नाही. त्याने तीन पेन ड्राइव्ह घेतले. एक स्वतःला, एक मोठ्या भावाला आणि एक लाखांदूरला दिलेल्या बहिणीला. "तिनं तं मायचा आवाज आयकलाच नसन कदी," म्हणाला. बहीण अंगावर पीत होती तेव्हाच आई गेली होती. आसक्ती वस्तू कुलपात ठेवते. जपणं वाटून टाकतं, आणि वाटल्याने उणं होत नाही अशी ही जगातल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे. नागसेनांच्या श्लोकाचा गुण इथे आवाजालाही मिळतो, एका अटीवर. प्रत जशीच्या तशी असली पाहिजे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी काही गोष्टी आग्रहाने सांगतो, त्याला घाई असली तरी. मोठी फाईल फ्लॅकमध्ये दोन वेगळ्या घरी ठेवा. एका घराला आग लागते, पूर येतो, पोरगं पेन ड्राइव्ह पुसून त्यात सिनेमा भरतं. फाईलच्या नावात कुणाचा आवाज, कुठलं गाव, कुठलं साल हे लिहा. अनोळखी आवाज दोन पिढ्यांत कचरा होतो. रोज ऐकायला एमपी३ खुशाल घ्या, तिच्यात पाप नाही. आणि बापाचं भजन असेल तर ते फक्त ऐकू नका, घरातल्या लेकराला शिकवा, त्याच्या हाती खंजिरी द्या. ऐकून भजनाची आठवण टिकते, गाऊन भजन टिकतं.

मोठ्या फाईलचा खर्च ऐकून काही जण विचारतात, एवढं कोण ऐकणार आहे जी? हा प्रश्न विचारण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा आहे, आणि तो अजून जन्मलेला नाही. त्याच्या वतीने आपण एवढंच करू शकतो: त्याला काय ऐकू यावं हे त्याच्या आधी ठरवून टाकायचं नाही.